माझ्या वतीने बोललेला नवस

ज्यांच्या पायात नुकताच गंजका खिळा घुसला आहे, त्यांनी हे वाचत बसू नये. आधी दवाखाना गाठावा, टोचून घ्यावं, मग सावकाश वाचावं. मी नेमकं उलटं केलं. पाय झटकला, एक शिवी दिली, हाताशी होतं ते लावून घेतलं आणि कामाला लागलो. त्यानंतरचे दिवस कसे गेले ते लिहून काढा, असं आमच्या डॉक्टरांनी मला सांगितलं. धनुर्वातातून उठून बोलणारी माणसं थोडी, लिहिणारी त्याहून थोडी, असं त्यांचं म्हणणं. मी लेखक नाही. पनवेलच्या शाळेत चित्रकला शिकवतो. शिवाय स्वभावाने तापट आहे, त्यामुळे धीराचं आणि उमेदीचं फारसं काही इथे सापडणार नाही.

*

पनवेलात तेव्हा बैलगाडीची चाकं करणारे सुतार ओळीने बसत. त्यांच्यातल्या पांडू मेस्त्रीच्या कारखान्यामागे मोडक्या चाकांचा ढीग असे, आणि शाळा सुटली की मी त्या ढिगात असे. तुटके आरे, ते आरे ज्यात बसतात ते तडा गेलेले तुंबे, चाकावर चढवायच्या लोखंडी धावेचे पापुद्रे सुटलेले तुकडे. मिठागरांच्या बांधावरून मी मिठाने पांढऱ्या पडलेल्या फळ्याही उचलून आणायचो. घरामागच्या पडवीत हे सगळं एका मोठ्या फळीवर मांडायचं, हलवायचं, परत मांडायचं. आता काही हलवायला नको असं वाटलं की ठोकून टाकायचं. त्यात झाड नाही, माणूस नाही, देव नाही. जळक्या लाकडाचा काळा आणि गंजाचा तांबडा शेजारी शेजारी कसे नांदतात, एवढंच मला पाहायचं असे.

हे लोकांच्या पचनी पडत नसे. "हे काय आहे?" असं मान वाकडी करून विचारत. काही नाही म्हटलं की त्यांना राग येई. एका शेजाऱ्यांना एका फळीत गणपती दिसला आणि त्यांनी हात जोडले. मी चिडून फळी उलटी केली, तर त्यांना मारुती दिसला. माझा थोरला भाऊ, दादा, सरळ भंगार म्हणून मोकळा व्हायचा. बायको, इंदू, काहीच म्हणत नसे. लग्नाला दहा वर्षं झाली होती, पण तिने चांगलं म्हटलं नाही की वाईट म्हटलं नाही. पडवी झाडताना फळ्यांच्या कडेकडेने केरसुणी फिरवायची, इतकंच.

त्या वर्षी मुंबईच्या एका प्रदर्शनाने माझ्या पाच फळ्या मागवल्या होत्या. आयुष्यात पहिल्यांदा. चार झाल्या होत्या. पाचवीसाठी धावेचा एक विशिष्ट वळणाचा तुकडा हवा होता, आणि तो ढिगात तळाशी होता. तो ओढताना चपलेच्या तळातून खिळा थेट टाचेत गेला.

पांडू मेस्त्री धावत आला. मला ओट्यावर बसवलं, खिळा उपटला आणि गाडीखाली टांगलेली वंगणाची नळी काढून आणली. एरंडेलात जळक्या चिंध्यांची राख घोटलेलं ते काळं वंगण त्याने बोटाने जखमेत भरलं.

"मेस्त्री, हे काय करताय?" मी विचारलं.

"मास्तर, काय नाय होत. बैलाच्या खुराला आमी हेच लावताव. माझ्या बापानं लावलं, आजानं लावलं. उद्या चालाल."

आणि खरंच दुसऱ्या दिवशी मी चाललो. चाकवाल्यांच्या आळीत कुणालाही लागलं की वंगण लावायची रीत होती. शेणामुतातून आणि धुळीतून फिरलेल्या आसाखालची ती नळी आहे, हे मला दिसत नव्हतं का? दिसत होतं. पण शिकल्यासवरल्या माणसालाही कारागिराच्या हातावर विश्वास ठेवायला आवडतं, आणि मला तर फारच.

*

आठव्या दिवशी सकाळी भाकरीचा तुकडा तोंडात जाईना. जबडा आखडल्यासारखा वाटला. दाढ सुजली असेल असं समजून लवंग धरली. मान धरली होती, त्याचा दोष उशीवर ढकलला. शाळेत हजेरी घेताना शब्द दातांतून गाळून यावेत तसे येऊ लागले. तिसऱ्या तासाला हेडमास्तरांनी वर्गाबाहेर बोलावलं आणि वेळापत्रकावरून झापायला सुरुवात केली. मध्येच ते थांबले.

"हसताय काय, मास्तर? मी विनोद करतोय?"

मी हसत नव्हतो. ओठांची टोकं आपोआप कानांकडे ओढली जात होती. हसत नाही हे सांगायला तोंड उघडावं, तर ते उघडत नव्हतं. ते आणखी चिडले, मीही चिडलो, आणि दोघांपैकी फक्त त्यांनाच बोलता येत होतं. आज लिहिताना गंमत वाटते, पण तेव्हा घाम फुटला होता.

दादाने मला टांग्यात घालून दवाखान्यात नेलं. डॉक्टर तरुण होते, शांत. त्यांनी तोंड उघडायला सांगितलं, मग न विचारताच माझ्या चपला काढल्या. टाचेवर फक्त एक काळा ठिपका राहिला होता.

"यावर काय लावलं होतं?"

"वंगण," दादाने सांगितलं.

डॉक्टरांनी क्षणभर डोळे मिटले. मग त्यांनी दादाला दाराबाहेर नेलं. दार पुरतं लागत नव्हतं. "धनुर्वात" हा शब्द मी ऐकला, आणि पाठोपाठ "मुंबईला न्यायचं झालं तर रस्त्यातच जातील" हेही ऐकलं. या आजाराची क्रूर गोष्ट अशी की डोकं शेवटपर्यंत साफ राहतं. काही कळलं नाही असं एकदाही झालं नाही. ते ऐकून मी घाबरलो, आणि त्याहून जास्त राग आला. एक फळी व्हायची होती, आणि मी वंगणाने मरणार होतो.

*

आता दवाखान्यातला दिनक्रम. मागच्या बाजूची एक कोठी रिकामी करून खिडकीला काळं कापड ठोकलं. या रोग्याला उजेड चालत नाही, आवाज चालत नाही, पांघरूण ओढलेलं चालत नाही. जराशा धक्क्याने अंग कमानीसारखं ताठ होतं, टाच आणि डोकं तेवढं खाटेला टेकतं आणि श्वास अडकतो. ते किती वेळ टिकतं हे घड्याळ पाहून सांगता येईल, पण आतून ते संपत नाही. वर्णन इथेच थांबवतो, कारण ज्यांना हा आजार झाला आहे त्यांना ते ठाऊक आहे आणि ज्यांना झालेला नाही त्यांनी उगाच घाबरू नये.

आवाज चालत नाही, हे सगळ्यांना समजलं होतं. फक्त मुंबई-पुणे रस्त्याला समजलं नव्हतं. तो दवाखान्याच्या नाकासमोरून जात होता. पळस्प्याकडून येणारा प्रत्येक ट्रकवाला वस्ती दिसली की भोंगा दाबायचा. दुरून घरघर सुरू झाली की मी मनात मोजायला लागायचो, आता हा दाबणार, आता दाबणार, आणि त्या धास्तीनेच अंग ताठ व्हायचं. पुष्कळदा त्या बिचाऱ्याने भोंगा वाजवलेलाच नसायचा.

दादा एसटीने ठाण्याला आणि तिथून मुंबईला गेला आणि थर्मासमध्ये बर्फ घालून त्यात लसीच्या बाटल्या घेऊन आला. त्याला अजूनही वाटतं मी भंगार करतो, पण तो थर्मास त्याने साऱ्या वाटेत मांडीवरून खाली ठेवला नव्हता. नाकातून रबरी नळी घालून मला दूध आणि पेज द्यायचे. सिस्टर अनवाणी चालायच्या. दाराच्या बिजागरीत रोज सकाळी तेल घातलं जायचं.

इंदूच्या हातात काचेच्या बांगड्या होत्या. पहिल्याच दिवशी त्या किणकिणल्या आणि मी ताठ झालो. डॉक्टर हळूच म्हणाले, "बांगड्या काढाव्या लागतील." ती पांढरीफटक पडली. नवरा असा पडलेला असताना हात मोकळे करायचे? ती बाहेर गेली आणि तासाभराने परत आली. जुन्या लुगड्याच्या चिंध्या फाडून तिने एकेक बांगडी गुंडाळली होती, जखमेला पट्टी बांधावी तशी. पुढचे दिवस तिचे हात मनगटापासून निम्म्यापर्यंत चिंध्यांचे होते आणि त्यांचा आवाज होत नव्हता. अंधारात मला त्या हातांचा रंग दिसत नसे. दिसला असता तर त्याही अवस्थेत मी तो फळीवर कुठे बसेल याचा विचार केला असता, हे कबूल करतो.

चाकवाल्यांची आळी दवाखान्यापासून लांब नव्हती. धाव चढवताना घणांचा जो ठणठणाट होतो तो मला आडवं करायला पुरेसा होता. पण तो एकदाही ऐकू आला नाही. पांडू मेस्त्रीने आळीतल्या सगळ्यांना हाताशी धरून घण बंद ठेवले होते, हे मला फार नंतर कळलं.

*

सहावा दिवस सगळ्यात वाईट. भर दुपार होती. पाठोपाठ दोन ट्रक गेले, दोघांनीही भोंगे वाजवले, आणि मी पुन्हा मोकळा झालो तेव्हा डॉक्टर इंदूला कुजबुजत सांगत होते, "आजची रात्र काढली तर बघू." ते गेले. इंदू माझ्या पायांशी जमिनीवर बसली. ती गावदेवीशी बोलते तेव्हा तिचा आवाज वेगळा होतो, एखाद्या मोठ्या जावेशी बोलावं तसा.

"आई, ह्यांना उठव," ती म्हणाली. "ह्यांचं ते लाकडालोखंडाचं काम तुझ्या पायाशी ठेवते. परत हात लावणार नाहीत. माझा शब्द."

मी शुद्धीवर होतो आणि शब्दन् शब्द ऐकला. ओटी बोल, उपास बोल, अनवाणी चालायचं बोल, पण हे तुझं नाही, हे माझं आहे, असं मला ओरडायचं होतं. नुसतं "नाही" म्हणायचं होतं. दात एकमेकांत रुतले होते. मी सगळा जोर लावला, घशातून एक आवाज काढला, आणि त्या जोराने अंग पुन्हा कमान झालं, आधीपेक्षा मोठी.

इंदूने माझे पाय धरले आणि रडत म्हणाली, "ऐकलं गं बाई, ऐकलं आईनं."

माझा नकार देवीच्या खात्यात होकार म्हणून जमा झाला. दुसऱ्या दिवसापासून झटके कमी होत गेले. लस अंगात मुरायला तितका वेळ लागतो हे डॉक्टरांनी समजावून सांगितलं, दादालाही पटलं, पण यश देवीला गेलं ते गेलंच. थर्मासाचं कुणी नावही काढलं नाही.

*

पाच आठवड्यांनी घरी आलो. बरं होणं हा प्रकार लोक सांगतात तितका आनंदाचा नसतो. पाठ लाकडासारखी, पावलं म्हाताऱ्याची. घास चावताना जबडा दुखायचा, म्हणून पातळ भात. भेटायला येणारे आधी देवाचे आभार मानत आणि मग म्हणत, "आता ते सोडा हो मास्तर." प्रदर्शन माझ्याविना होऊन गेलं होतं.

तिसऱ्या दिवशी भिंत धरत धरत पडवीत गेलो. पडवी सारवून लख्ख केली होती. एक खिळा नव्हता. दादाने सगळा माल गाडीत भरून खाडीकडे टाकून दिला होता.

"आणि फळ्या?" मी विचारलं.

"त्या माळ्यावर आहेत," दादा वैतागून म्हणाला. "भंगारवाल्याला बोलावलं होतं मी. तुझ्या बायकोनं त्याला दारातून परत पाठवलं. देवीचं आहे, विकायचं नाही म्हणे. गोणपाटात बांधून ठेवल्यात, गाठी मारून. सोडवायच्या पण नाहीत."

म्हणजे विकायच्याही नाहीत आणि बघायच्याही नाहीत. मी त्या रात्री जेवलो नाही. इंदूला सांगितलं की मी ऐकत होतो आणि माझी संमती नव्हती. ती म्हणाली, "ठाऊक आहे. तुमची संमती मागितली असती तर तुम्ही दिली असती का?"

मी दोन महिने नवस पाळला. मनापासून पाळला नाही. शाळेत मुलांकडून फुलदाण्या काढून घेताना माझं लक्ष बाकाच्या सुटलेल्या पट्टीकडे जायचं. मग एक दिवस पांडू मेस्त्रीकडे गेलो. तो ओट्यावरून उठून उभा राहिला, माझ्याकडे बघेना.

"मास्तर, माज्या हातानं झालं," तो म्हणाला. "वंगणाची नली फेकून दिली मी. आता कुणाला लागलं का पयला डॉक्टर." मग मागे जाऊन त्याने गोणपाट बाजूला केलं. धावेचे निवडक तुकडे, एक जळका तुंबा, सगळं धुऊन पुसून ठेवलेलं. "तुमच्यासाठी ठेवलाय. खिळं काढून टाकल्यात."

मला राहवलं नाही. बूट घालून, हातात जाड फडकं घेऊन मी तिथेच मांडायला बसलो. असा तीन दिवस गेलो. पांडू चाकाला आरे बसवायचा आणि मी माझे तुकडे हलवायचो. इतक्या महिन्यांत ते तीन दिवस मी माणसात होतो.

चौथ्या दिवशी थंडी वाजून ताप आला. साधा ताप, पावसाळी हवेचा. पण इंदूला माझ्या सदऱ्याच्या बाहीवर गंजाचा डाग सापडला. ती भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं, मला भांडता येतं. तिने चूल पेटवली, माझ्यासाठी पेज केली आणि स्वतः पाणीही न पिता भिंतीला टेकून बसली. माझा ताप उतरेपर्यंत दोन दिवस तशीच होती. उतरला तेव्हा तिचे ओठ फुटले होते.

"असं चालायचं नाही," मी म्हणालो. "आपण देवीलाच विचारू. कौल लाव. तिने सोडलं तर मी मोकळा, नाही सोडलं तर बोलणार नाही." माझा देवावर काडीचा विश्वास नाही. पण अडला हरी, म्हणतात ना, त्यातली गत.

*

गावदेवीच्या गुरवाने देवीच्या दोन्ही खांद्यांना ओल्या कळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. त्याने आमच्या वतीने गाऱ्हाणं घातलं आणि आम्ही समोर बसलो.

मी त्या दोन कळ्यांकडे टक लावून बसलो. मुंबईहून कला शिकून आलेला माणूस, आणि माझं पुढचं आयुष्य एका कळीच्या देठाच्या ओलाव्यावर टांगलेलं. अर्धा तास झाला. तास झाला. माझे पाय मुंग्यांनी भरले. बाहेर कुणीतरी गाडी हाकत गेलं, तेव्हा उजवी किंचित हलली असं मला वाटलं. हलली नव्हती. दोन्ही कळ्या जिथल्या तिथे सुकल्या.

"आज आई काय बोलत नाय," गुरव म्हणाला. "परत कधी तरी या."

बाहेर येऊन चपला घालताना माझा तोल सुटला. आवाज चढला. "दुसरं काही सुचलं नाही तुला? एवढे उपास असतात, तापास असतात. माझी तंबाखू बोलायचीस. तुझं मंगळसूत्र बोलायचंस, सोनं तरी होतं ते!"

इंदू थांबली. तिने पदर सारखा केला, जणू परक्या माणसाशी बोलायचं आहे.

"तुम्ही मरत होता," ती म्हणाली. "तंबाखू देऊन कुणी नवरा परत मागतं का? एवढं मोठं मागायचं तर तेवढ्याच मोलाचं द्यायला नको? मी तिथं बसून घरातलं सगळं एकेक डोळ्यांपुढे आणलं. सोन्यासकट. ह्याच्याएवढं मोलाचं दुसरं काही नव्हतं आपल्या घरात."

"सगळं गाव त्याला भंगार म्हणतं."

"म्हणू दे गावाला. मी देवीला भंगार दिलं असतं का?"

ती पुढे चालू लागली. दहा वर्षं मी या बाईच्या तोंडून एक शब्द ऐकायला टपलो होतो. प्रदर्शनवाल्यांनी पाच फळ्या मागवल्या तेव्हाही मी आधी तिच्या तोंडाकडे पाहिलं होतं. तो शब्द आज मिळाला, भर रस्त्यात, आणि तो मिळाला म्हणूनच आता काही करता येणार नव्हतं. मला इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं, आणि तो कुणावर काढावा तेही कळेना.

नवस मी पाळतो आहे. चिडून पाळतो, रोज चिडतो, पण पाळतो.